धावता ठिपका

एका बारीक तारेतून अख्खा चेहरा पलीकडच्या खोलीत कसा न्यायचा? आजोबांनी घातलेलं हे कोडं शलाकाच्या डोक्यात होतंच. पण पोटात दुखत होतं ते वेगळ्याच कारणाने. पहिला मान त्या ठोंब्याला का?

ठोंब्या म्हणजे शास्त्रज्ञ आजोबांचा यंत्रमानव, सोबती. घरोघरी भिंतभर पडदे असताना आजोबांना दीडशे वर्षांपूर्वीची पहिलीवहिली दूरचित्रवाणी पुन्हा बनवायचं खूळ लागलं होतं. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांना गोगलगाईच्या वळणाने भोकं पाडली शलाकाने, आणि दिव्यासमोरची खुर्ची मिळाली सोबतीला! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं ती पुटपुटलीसुद्धा.

आजोबांनी तिचा हात दिव्याजवळ धरला. चटका जाणवताच तिने तो मागे घेतला. भोकातून येणारा इवलासा उजेड प्रकाशघटाला (उजेडाची वीज करणारा भाग) पुरावा म्हणून दिवा असा प्रखर लागतो, त्या काळच्या संशोधकांनीही आधी बाहुलीच बसवली होती, असं त्यांनी सांगितलं.

पटलं तिला, पण दुखणं काही गेलं नाही. पाय आपटत ती पलीकडच्या खोलीत दुसऱ्या चकतीसमोर बसली. चकत्या एकाच वेगाने फिरू लागल्या. तिकडचं एकेक भोक सोबतीच्या चेहऱ्यावरून एकेक रेघ टिपत गेलं, उजेड-अंधाराची वीज तारेतून आली आणि इकडच्या चकतीमागचा दिवा तसाच लुकलुकू लागला. तांबूस, थरथरता, पण सोबतीच! शलाकाने रागाने चकतीच्या कडेला बोट टेकवलं. दोन्हींचा ताल चुकला आणि सोबतीचं कपाळ हनुवटीखाली गेलं. तिला खुदकन हसू आलं.

"शलाका, मी कसा दिसतो?" तिकडून सोबतीने विचारलं.

"काल चाचणीच्या वेळी इथे बसून तू या चकतीत कागदावरचं अक्षर पाहिलंस ना? तसाच."

"मला अक्षर दिसलंच नाही. माझा डोळा फार चपळ आहे. नुसता एक ठिपका पळताना दिसला. मला तुझा हेवा वाटतो."

आजोबा दारात येऊन सांगू लागले, तिथे खरोखर एका वेळी एकच ठिपका असतो. पण माणसाचा डोळा आळशी. पाहिलेलं त्यात क्षणभर रेंगाळतं (दृष्टिसातत्य), आणि तेवढ्यात सगळे ठिपके जुळून चेहरा होतो. म्हणजे सोबतीचा चेहरा जुळत होता तो तिच्याच डोळ्यांत.

तिने बोट काढलं. आजोबांनी चकती हळूच तालावर आणली आणि कपाळ जागेवर आलं.

"छान दिसतोस, सोबती," ती म्हणाली. ठोंब्या म्हणायचं विसरलीच. मग आजोबांकडे वळून तिने विचारलं, "याच्यासाठी आळशी डोळा बनवता येईल?"

यंत्रमानवासाठी अजून कुणी बनवलेला नाही, असं आजोबा म्हणाले.

"मग मी बनवते. आणि पहिला चेहरा याला माझा दिसला पाहिजे."