सहावीच्या वह्यांतल्या सहा विजा

छापखान्याच्या कागदगोदामाची राख सकाळीही धुमसत होती. छपरावरच्या तडितरक्षकाच्या दांड्यापासून जमिनीत जाणारी तांब्याची पट्टी कमरेइतक्या उंचीवर तुटली आहे, हे सगळ्यांत आधी फोरमननेच दाखवलं.

पट्टीतून वीज मुकाट जमिनीत जायला हवी होती, पण सांधाच कच्चा, म्हणून ती गोदामात शिरली, असं तो मालकाला सांगत होता. बोट मात्र म्हाताऱ्या वायरमनकडे होतं. तडितरक्षक त्यानेच बसवला होता.

त्या दोघांचं वाकडं जुनंच. दोन वर्षांपूर्वी यंत्राची जाळी काढून ठेवल्यामुळे एका कामगाराची दोन बोटं गेली. जाळी फोरमनने काढली, हे मालकाला वायरमननेच सांगितलं होतं.

आज चाळीस वर्षं चोख काम केलेला तो माणूस चोरासारखा उभा होता. त्याची मुलगी हे बघत होती. भिंतीपलीकडच्या शाळेत ती विज्ञान शिकवायची. तिच्या पिशवीत सहावीच्या वह्या होत्या. कालच्या वादळात तिने मुलांना विजा मोजायला लावलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आरडाओरडा करून राग वाया घालवणाऱ्यांतली ती नव्हती. बापाची मान जिथे खाली गेली, त्याच अंगणात तिला फोरमनची मान खाली गेलेली बघायची होती.

अग्निशमन दलाच्या अधिकाऱ्यांना विचारून तिने पट्टीची टोकं पाहिली. ती चकचकीत होती, वर बारीक ओरखडे. त्या भागावरचं लोखंडी झाकण काढून ठेवलेलं, कुलूप न फोडता उघडलेलं. किल्ली एकच आणि ती फोरमनच्या जुडग्यात, असं मालक म्हणाले.

ती फोरमनकडे वळली.

"वीज पडली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथेच, फाटकापाशी."

"किती वाजता?"

"सव्वातीन. तुमच्या शाळेची घंटा नुकतीच झाली होती."

"आधी उजेड, मग आवाज?"

"कसलं आधी न् मग! दोन्ही एकदमच. कानठळ्या बसल्या."

"कदाचित दूर कुठे पडली असेल."

"बाई, दांड्यावर पडताना या डोळ्यांनी पाहिली."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. खाली फोरमनची सहीही झाली. मग तिने वह्या बाहेर काढल्या.

"विजेचा उजेड पापणी लवायच्या आत पोचतो. आवाज मागे रेंगाळतो. एक किलोमीटर यायला त्याला साधारण तीन सेकंद लागतात. म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजायचे आणि तीनने भागायचं. काल तीन ते साडेतीन सहा विजा चमकल्या. छत्तीस मुलांनी मोजल्या. सगळ्यांत लहान आकडा पंधरा. म्हणजे जवळात जवळची वीज पाच किलोमीटरवर होती. इथे पडली असती, तर माझ्या मुलांना 'एक' म्हणायलाही फुरसत मिळाली नसती."

तिने तुटलेल्या पट्टीकडे बोट केलं.

"राहिली पट्टी. वीज तांबं वितळवेल, त्यावर करवतीचे दात उमटवणार नाही. करवत चालवायला झाकण उघडावं लागतं, आणि किल्ली यांच्याकडे. न पडलेली वीज यांनी पाहिली, कारण आग यांनीच लावली. बाबांनी खरं सांगितलं, त्याचा सूड म्हणून."

फोरमनने मालकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"याच्यामुळे चारचौघांत बोलणी खाल्ली मी," तो पुटपुटला. "पट्टी मी कापली. आगही मीच लावली."

अधिकाऱ्यांनी त्याचा दंड धरला. मुलीने बापाकडे पाहिलं. 'जाऊ दे' म्हणून सोडून देण्याची त्याची जन्माची खोड. आताही तो तेच म्हणेल, अशी तिला भीती वाटली.

वायरमन सावकाश चालत फोरमनसमोर जाऊन उभा राहिला.

"मोठ्याने सांग," तो म्हणाला. "मागे उभे आहेत त्यांना ऐकू आलं नाही."