बोक्या, बस!

स्टॉपवरच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बस! आली आली, बस!" आणि रस्ता ओलांडत धावत सुटलेला बोक्या भर रस्त्यात थबकला, वळला आणि शहाण्या मुलासारखा खाली बसला. समोरून बस येत होती.

बोक्या म्हणजे कुत्रा. पिल्लू असताना डोळे मिटून दूध प्यायचा, म्हणून छकुलीनं त्याला हे नाव ठेवलं होतं. छकुली म्हणजे त्याची मालकीण. बेकरीत केकवर लोकांची नावं लिहिण्याचं काम करणारी चांगली थोरली मुलगी, पण तिला अजून कुणी दुसऱ्या नावानं हाक मारत नसे. बोक्याला एकच आज्ञा पक्की येत होती. बस म्हटलं की बसायचं. आणि ती शिकवायला बाईसाहेबांनी मैदान निवडलं होतं ते नेमकं बसस्टॉपसमोरचं! त्याची दोरी त्या सकाळी तिच्या स्वतःच्या गळ्यात होती, हौसेनं माळ घालावी तशी.

ब्रेक करकचून लागला. बोक्याच्या नाकापासून हातभर अंतरावर बस थांबली. आतली उभी माणसं एकमेकांवर कोसळली, आणि कुणीतरी कळवळून ओरडलं.

ड्रायव्हरनं दार उघडून खाली उडीच मारली. तरुण, सडपातळ, चेहरा पांढराफटक. आधी तो बोक्यापाशी गुडघ्यावर बसला आणि त्यानं कुत्र्याच्या पाठीवरून, पायांवरून हात फिरवून बघितलं.  बोक्यानं त्याचा हात चाटला.

"मारायचं होतं का याला?" तो छकुलीवर ओरडला.

"नाही हो... त्याला बस म्हटलं की तो बसतो."

"काय म्हटलं की?"

"बस."

त्यानं एकदा बसकडे पाहिलं, एकदा कुत्र्याकडे. ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, पण आतून पुन्हा तो कळवळण्याचा आवाज आला आणि ते तिथंच विझलं.

"कुणाचं आहे ते कुत्रं?" खिडकीतून एक जण गरजला.

छकुलीनं तोंड उघडलं... आणि मिटलं. मोकळ्या सोडलेल्या बोक्याबद्दल इमारतीच्या कमिटीकडे आधीच तक्रारी गेल्या होत्या. आणखी एक आली की कुत्रं बाहेर, असं त्यांनी बाबांना बजावलं होतं. ड्रायव्हरनं तिच्या गळ्यातली दोरी पाहिली. मग तिच्या डोळ्यांत पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"दोरी बांधा आणि निघा," तो हळूच म्हणाला.

"पण—"

"निघा म्हणतोय ना!"

आणि ती निघाली. पाठ फिरवून, मान खाली घालून. त्या दिवशी तिनं एका केकवर आजोबांच्या जागी नातवाचं नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर, तीच बस. बोक्याच्या गळ्यात दोरी, आणि दोरीचा वेढा छकुलीच्या मनगटाला. बस थांबली तशी ती खिडकीखाली गेली.

"कुणाला लागलं होतं?"

"एका आजींना. मनगट मोडलंय, प्लास्टर घातलंय." तिचा चेहरा उतरलेला पाहून तो जरा मवाळ झाला. "आधी तो शब्द बदला बरं."

"सुचत नाहीये."

"उठबस?"

"त्यातही बस आहेच!"

"मग... बूड टेक?"

सगळी रांग खो खो हसली. छकुली कानापर्यंत लाल झाली. "भर रस्त्यात हे ओरडू मी?"

"नुसतं टेक म्हणा," तो गिअर टाकत म्हणाला. "बूड आमचं आम्ही समजून घेऊ."

मग रोजचंच झालं. बस क्षणभर थांबायची, खिडकीची काच सरकायची. "जमलं का टेक?" "अर्धवट. अर्धा टेकतो, अर्धा उभा राहतो." "मालकिणीवर गेलाय." असलं काहीतरी बोलून तो जायचा आणि तिच्या कानात दिवसभर तेच घुमत राहायचं. दोरी बोक्याच्या गळ्यात होती खरी, पण स्टॉपकडे ओढली जात होती ती छकुलीच. मात्र तो निघून गेला की ती मान खाली घालून भराभर घराकडे वळायची. कमिटीवाले दारोदार विचारत होते, त्या दिवशी बसपुढे आलेलं कुत्रं कुणाचं म्हणून.

"मी सांगून टाकते, बाबा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? हाकलतील त्याला. तू आपली गप्प बस."

बोक्या जुन्या सवयीनं पटकन खाली बसला. एरवी दोघं हसले असते. छकुलीला रडू आलं.

आणि मग एका भुरभुर पावसाच्या सकाळी बस आली, पण खिडकीत भलताच चेहरा होता.

"आज चौकशी आहे त्याची, डेपोत," कंडक्टरबाईंनी दारातूनच सांगितलं. "भटकं कुत्रं आडवं आलं, एवढंच सांगतोय. साहेब म्हणतात, भटक्या कुत्र्यापायी माणसं पाडतोस? अजून कायम नाही झालेला बिचारा. घरी बसवतील त्याला."

बस गेली. छकुली पावसात उभी राहिली. तोंड उघडलं तर बोक्या जाणार, नाही उघडलं तर ड्रायव्हरची नोकरी. तिनं खाली पाहिलं. बोक्या तिच्याकडे बघून शेपूट हलवत होता, आणि त्या विश्वासाचीच तिला लाज वाटली. तिनं दोरी घट्ट धरली आणि चालायला लागली.

डेपोत डिझेलचा वास भरून राहिला होता. मॅनेजरसाहेबांच्या दारात शिपाई आडवा आला. "कुत्रं आत नाही चालणार."

"चालेल," छकुली म्हणाली. "खरा आरोपी हाच आहे."

आत साहेब टेबलामागे, समोर तो मान खाली घालून उभा, आणि खुर्चीत प्लास्टरमधला हात सांभाळत त्या आजी. तिला पाहताच त्यानं डोळ्यांनीच विनवलं. नको. जा.

"हे कुत्रं भटकं नव्हतं, साहेब. माझं आहे." ती एका दमात बोलत सुटली. "दोरी त्याच्या गळ्यात हवी होती, ती माझ्या गळ्यात होती. आजी, तुमचा हात माझ्यामुळे मोडला. यांची काही चूक नाही."

साहेब ड्रायव्हरकडे वळले. "मग तू खोटं का बोललास?"

 पत्र्यावर पाऊस वाजत राहिला.

"कारण चूक यांची एकट्याची नव्हती," तो शेवटी म्हणाला. "त्या स्टॉपसमोर कुत्रं मोकळं असतं, हे मला ठाऊक होतं. लांबूनच दिसायला हवं होतं. ब्रेक उशिरा लागला, साहेब."

"का? डुलकी लागली होती?"

"नाही... मी यांच्याकडे बघत होतो."

"कुणाकडे?"

"यांच्याकडे. खूप दिवस बघतोय. रोज रस्ता सांभाळून बघायचो. त्या दिवशी रस्ता सुटला."

छकुलीच्या हातातली दोरी सैल पडली. आजींनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हणजे तुमच्या दोघांच्या नजरानजरेत माझं मनगट गेलं म्हणा की!"

"दोघांच्या नाही, आजी," तो पुटपुटला. "एकतर्फीच होतं."

"तेव्हा होतं," छकुलीच्या तोंडून निसटलं. "आता नाही."

साहेबांनी खाकरून पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी निकाल सांगितला, आणि तो गोड नव्हता. ड्रायव्हरनं महिनाभर स्टिअरिंगला हात लावायचा नाही, शेडमध्ये बस धुवायच्या. नोकरी राहील. आणि कुत्र्याचं इमारतीला कळवलं जाईल, नियम म्हणजे नियम. आजींचं म्हणणं त्याहून थोडक्यात होतं. हात बरा होईपर्यंत बाजारहाट या मुलीनं करायचा, आणि पिशवी उचलताना तोंड पाडायचं नाही.

बाहेर धुण्याच्या शेडपाशी छकुलीचा बांध फुटला. "कमिटी आता त्याला राहू देणार नाही. कुठं ठेवू मी त्याला?"

 त्यानं तिचं रडणं थांबायची वाट पाहिली. "माझ्या घरी अंगण आहे. दिवसभर आईही असते," मग म्हणाला.

"फाटक आहे?" डोळे पुसत तिनं विचारलं.

"आहे."

"बंद असतं?"

"आजपासून असेल."

"त्याच्या लशी चुकवायच्या नाहीत. फिरवताना दोरी सोडायची नाही. अगदी मोकळा रस्ता असला तरी."

"मला सांगताय?" तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "पण तो तुमचाच राहील. मी नुसता सांभाळणार. फिरवायला मात्र रोज यावं लागेल."

"रोज?"

"रोज. आणि एखाद्या दिवशी परत नाही गेलीस, तरी..."

तो थांबला. तुम्हीचं तू झालं, ते दोघांनाही कळलं होतं. पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर साचले होते आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

"तरी काय?"

"तरी चालेल. म्हणजे... पळेल."

छकुलीला हसू आलं, आणि हसताहसता पुन्हा रडू. आज रात्री बोक्या तिच्या पायांशी नसणार, हे खरं होतं. आणि समोरचा हा माणूस त्याला जीवापाड जपेल, हेही तितकंच खरं होतं.

"संध्याकाळी घेऊन येते त्याला," ती म्हणाली. "आईंना सांगून ठेव."

"काय सांगू?"

"सांग, एक जण आज राहायला येतोय." ती वळली, दोन पावलं गेली आणि मागे न बघताच म्हणाली, "आणि दुसरी... यथावकाश."