पाव चुरा

"घरभेदी निघाली हो माझी बहीण!"

आलेल्या बाईंनी खुर्चीत टेकण्याआधीच सांगून टाकलं. बाहीला मैदा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि डोळे रडून लाल.

"आधी पाणी घ्या," भिंगबाई म्हणाल्या. "मग भेद सांगा. भेदी कोण ते शेवटी बघू."

खाजगी तपासाचं काम करणाऱ्या या बाईंच्या गळ्यात कायम एक भिंग लटकलेलं असे, म्हणून सगळे त्यांना भिंगबाई म्हणत. खरं तर त्या ते औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायलाच वापरत. कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसलेले मास्तर म्हणजे शेजारचे निवृत्त चित्रकला शिक्षक. कधीकाळी चहाला आले होते, ते तपासाला चिकटले ते चिकटलेच.

आलेल्या बाईंनी हकिकत सांगितली. त्या थोरल्या, बहीण धाकटी. दोघींचं छोटं दुकान, आणि दुकानात एकच पदार्थ, क्रम्बल. तळाशी सफरचंद आणि आलुबुखाराच्या फोडी, वर मैदा, लोणी, साखर बोटांनी चोळून केलेला चुरा, आणि मग ओव्हन. कृती आईची.

"फळात सात मिरी भरडून घालायची ही आमच्या आईची युक्ती. दुसरं कुणीच घालत नाही. आणि कालपासून समोरच्या नव्या कॅफेत मिरी घातलेलं क्रम्बल मिळतंय! गिऱ्हाइकांनीच सांगितलं."

"तुम्ही चाखून पाहिलंत?"

"मी? त्या दुकानाचं पाणीसुद्धा तोंडाला लावणार नाही मी."

"आणि कृती माहीत कुणाला?"

"मला आणि धाकटीला. वही कपाटात, किल्ली माझ्या कमरेला. धाकटीला वही लागतच नाही, सगळं तोंडपाठ. दुसरं कोण असणार? आज संध्याकाळपर्यंत दुकान सोड म्हटलं तिला." बाईंचा आवाज चिरकला. "नऊ वर्षं एका ओट्याशी उभ्या राहिलो हो आम्ही!"

त्यांनी पिशवीतून वही काढली. पानं पिवळी पडली होती, शिवण मात्र नवीकोरी, हिरव्या दोऱ्याची.

"पानं सुटली होती. दादाने शिवून दिली. आमचा मोठा भाऊ, बाइंडर आहे."

भिंगबाईंनी पान काढून मोठ्याने वाचलं. "चुरा मोकळा हवा, गोळा नको. फळ झाकेल एवढा घालून ओव्हनमध्ये ठेवावा. वीस मिनिटांनी वर पाव चुरा घालावा. पुन्हा वीस मिनिटं ठेवावं."

"वाचूनच भूक लागली," मास्तर म्हणाले.

दुकानाच्या मागच्या खोलीत धाकटी आपली भांडी खोक्यात भरत होती. ओव्हनमध्ये तिचं शेवटचं क्रम्बल होतं. ओट्यावर एका वाटीत थोडा चुरा बाजूला काढलेला होता.

"हा उरला का?" मास्तरांनी आशेने विचारलं.

"उरला नाही, राखलाय. चौथा हिस्सा मागे ठेवायचा असतो. आधीचा चुरा फळाच्या रसात भिजतो, मागून घातलेला कुरकुरीत राहतो." तिने ओव्हन उघडून वाटी रिकामी केली. "मी कुणाला काही सांगितलं नाही. पण ताईने एकदा ठरवलं की ठरवलं. तिच्याशी भांडायला आता मला बळ नाही."

मागच्या दारातून फळवाला पेट्या आत ठेवत होता. भिंगबाईंनी त्याला गाठलं.

"मी कुणाला काय सांगणार?" तो म्हणाला. "रोज दारातून दिसतं की या ओव्हन दोनदा उघडतात, चुरा दोनदा टाकतात. तेवढंच घरी सांगितलं होतं. बायकोने करून बघितलं, झाला लगदा! तेव्हापासून घरात सफरचंदाचं नाव काढायची सोय नाही."

"आणि मिरी?"

"मिरी कसली?"

मग समोरचं कॅफे. मास्तरांनी दोन बश्या संपवल्या. चोरीचं असलं तरी अन्न वाया घालवू नये, असं त्यांचं म्हणणं.

"आत मिरी आहे, बरं का," ते तोंड पुसत म्हणाले. "पण वरचा थर काही वेगळाच. न्याहारीच्या टोस्टसारखा वाजतो."

भिंगबाईंनीही एक चमचा चाखला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावून मेन्यूकार्डाची शिवण निरखली.

"रेसिपी ना? एका जाणकारांनी लिहून दिली," मालकीणबाई कौतुकाने म्हणाल्या. "आम्ही तंतोतंत पाळतो. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

जाणकाराचं नाव मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी दादांची बाइंडिंगची खोली. खळीचा वास, कागदांचे गठ्ठे आणि खिळ्याला टांगलेली हिरव्या दोऱ्याची लड.

"छान रंग आहे," मास्तर म्हणाले. चित्रकलेच्या माणसाला राहवलं नाही. "कुठे मिळतो?"

"मिळत नाही. मी स्वतः रंगवतो." दादांचा चेहरा क्षणभर खुलला.

"वही तुमच्याकडे किती दिवस होती?" भिंगबाईंनी विचारलं.

"आठ. मी पानं शिवतो बाई, वाचत नाही. आणि गोड तर मला डॉक्टरांनी बंद केलंय."

"समोरच्या कॅफेत जाणं होतं?"

"पाऊलही ठेवलेलं नाही."

पाच वाजता सगळे बहिणींच्या दुकानात जमले. भिंगबाईंनी ओट्यावर दोन बश्या ठेवल्या. एकीत धाकटीचं क्रम्बल, दुसरीत समोरचं.

"थोरल्या बाई, दोन्ही चाखा."

"मी सांगितलं ना, त्यांचं मी..."

"एक घास."

थोरलीने नाक मुरडून घास घेतला. चावता चावता तिच्या कपाळाला आठी पडली. "हे काय? वर ब्रेडचा चुरा घातलाय! आमच्यात ब्रेड नसतोच."

"वहीत आहे की," भिंगबाई म्हणाल्या. "वीस मिनिटांनी वर पाव चुरा घालावा."

"अहो, पाव म्हणजे पाव हिस्सा! चौथा भाग!"

"तुम्हाला माहीत आहे. धाकटीला माहीत आहे. नुसतं बघणाऱ्या फळवाल्यालाही कळलं की तोच चुरा दोनदा पडतो. पण त्याला मिरीचा पत्ता नाही, म्हणजे तो सुटला. धाकटीने कृती सांगितली असती, तर करून दाखवली असती, निदान 'थोडा चुरा मागे ठेवा' म्हणाली असती. समोरच्यांच्या हाती पोचलं ते नुसतं अक्षर. त्यांनी पाव वाचला आणि पाव कुस्करला."

"म्हणजे कुणीतरी वहीतून उतरवून दिलं," मास्तर हळूहळू म्हणाले. "पण वही तर कुलपात..."

"आठ दिवस सोडून."

भिंगबाईंनी कॅफेचं मेन्यूकार्ड वहीशेजारी ठेवलं. दोन्हीची शिवण हिरवी.

"हा दोरा बाजारात मिळत नाही, दादा. तुम्हीच सांगितलंत. आणि तिथे पाऊल ठेवलं नाही, असंही तुम्हीच सांगितलंत."

दादा खुर्चीत बसले. खळ लागलेली बोटं त्यांनी सदऱ्याला पुसली.

"मेन्यूकार्ड द्यायला गेलो होतो. त्या बाईने सहज विचारलं, तुमच्या आईच्या हातचं काय खास होतं? आईला जाऊन अकरा वर्षं झाली. वही तुम्हा दोघींना मिळाली, मला नुसती तिची शिवण. एवढ्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं गं. मला सांगता येईना, म्हणून लिहून दिलं." त्यांनी मान खाली घातली. "तू धाकटीला हाकललंस, तेव्हाच बोलायला हवं होतं. जीभ रेटली नाही."

थोरलीने जुडग्यातून दुकानाची किल्ली सोडवली आणि धाकटीपुढे धरली.

"चुकले गं मी."

धाकटीने किल्ली घेतली नाही. समोरच्या कॅफेच्या बशीतला उरलेला घास तिने तोंडात घातला आणि सावकाश चावला.

"नऊ वर्षं माझ्या हातचं खातेस, ताई," ती म्हणाली. "मला हाकलायच्या आधी त्यांचा एक घास खाऊन बघायचा होतास."