एक्केचाळिसावं रेकॉर्डिंग

दुरुस्तीवालीला त्या घरून फोन आला तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते, आणि काम ऐकून तिला जरा हसूच आलं. कॉम्प्युटरसोबत आपोआप येतं ते व्हॉइस रेकॉर्डर म्हणे उघडत नाही. असली कामं ती फोनवरच वाटेला लावायची. बंद करा, चालू करा, झालं. पण पलीकडच्या बाईंचा आवाज असा काही दबलेला होता, की तिने निमूटपणे पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

बाहेर सकाळपासून धुकं पडलं होतं ते हलायचं नाव घेत नव्हतं. जिना चढून तिने दार वाजवलं. दार उघडलं ते काकूंनी. तिची आणि त्यांची ही पहिलीच भेट, पण त्यांच्याकडे बघून दुसरी कुठली हाक सुचलीच नसती.

"आत ये. हळू बोल हं जरा."

खोलीत पडदे ओढलेले. औषधाचा वास, आणि त्यात कॉम्प्युटरच्या तापलेल्या धुळीचा वास मिसळलेला. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसले होते. गळ्याला पांढरी पट्टी, पट्टीतून डोकावणारी छोटीशी नळी, मांडीवर पाटी. श्वास घेताना नळीतून बारीक शीळ वाजायची. खोलीत दुसरा आवाज म्हणजे फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याचा.

"हे बसस्थानकावर निवेदक होते," काकू म्हणाल्या. "तीस वर्षं."

मग दुरुस्तीवालीला ओळख पटली. चेहऱ्याची नव्हे, तो तिने कधी पाहिलाच नव्हता. शाळेत असताना त्या आवाजावर तिने किती धावत बस पकडली असेल. दर सूचना दोनदा. पहिल्यांदा सांगून झाली की एक श्वासभर शांतता, मग पुन्हा तेच शब्द, त्याच चालीत. गावातल्या घड्याळांपेक्षा लोकांचा त्या आवाजावर जास्त भरवसा होता.

सात आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी आजारासकट काकांचं स्वरयंत्र काढून टाकलं. ऑपरेशनच्या आधी दवाखान्याने त्यांना चाळीस वाक्यं दिली होती. ती स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे त्यावरून एक बोलकं यंत्र तुमच्याच आवाजात तयार करता येईल. काकांनी घरी बसून चाळीसच्या चाळीस वाक्यं या रेकॉर्डरमध्ये बोलून ठेवली. आज संध्याकाळी पाचपर्यंत ती पाठवायची होती. आज हुकलं, तर पुढची पाळी सहा महिन्यांनी.

"आधीच का नाही पाठवली?" दुरुस्तीवालीने विचारलं.

"दवाखान्यातून आल्यापासून ते उघडतच नाहीये. मला वाटलं, आपोआप होईल नीट." काकू स्वयंपाकघराच्या दाराशी गेल्या, आणि तिला जवळ बोलावून कुजबुजल्या, "पोरी, ते जेवत नाहीत गं. पाटीवरसुद्धा लिहीत नाहीत आता. सहा महिने असे काढायला लावले ना, तर... तर ते तितके दिवस टिकायचे नाहीत."

तिने चहाही घेतला नाही. थेट खुर्ची ओढून बसली.

रेकॉर्डरवर क्लिक केलं. खिडकी उघडल्यासारखी झाली, क्षणभर निळी दिसली आणि मिटली. पुन्हा तेच. तिने मशीन बंद करून चालू केलं. अपडेट करायला गेली तर अपडेट होईना. 'रिपेअर' दाबलं. मशीनने सांगितलं, काम झालं. कसलं झालंय, खिडकी पुन्हा मिटली. एव्हाना पावणेचार वाजत आले होते, आणि फोनवर आलेलं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

शेवटचा उपाय राहिला होता रीसेट. त्यात रेकॉर्डर कोरं होऊन नव्याने बसतं, आणि पोटात जे असेल ते पुसलं जातं. म्हणून तिने आधी मशीनमध्ये शोधाशोध केली. 'माझा आवाज' नावाचा एक फोल्डर सापडला, फाइलींनी भरलेला. तिचा जीव भांड्यात पडला. तिने तो पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला.

"आता काळजी नाही काकू. आवाज माझ्या खिशात आहे."

तिने रीसेटवर बाण नेला. मशीनने विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की?

तिचं बोट खाली येणार, तेवढ्यात पंखा थांबला.

खोली एकदम मोठी वाटायला लागली. स्पीकरमध्ये खरखर झाली आणि आवाज आला. भरदार, सावकाश, शब्दन् शब्द सुटा.

"कृपया थांबावे. कृपया तारीख पाहावी."

एक श्वासभर शांतता.

"कृपया थांबावे... कृपया तारीख पाहावी."

काकूंच्या हातातला पेला खाली पडला. दुरुस्तीवालीच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने वळून पाहिलं. काका भिंतीकडची मान फिरवून स्पीकरकडे बघत होते. तोंड मिटलेलं, नळीतली शीळ मात्र भराभर वाजत होती. कितीतरी दिवसांनी त्यांनी पाटी उचलली. खडूने लिहिलं.

'आवाज माझा. पण हे मी कधी बोललो नाही.'

"काहीतरी... काहीतरी उघडं राहिलं असेल," ती म्हणाली. मशीनवर काहीच उघडं नव्हतं, हे तिला दिसत होतं.

तिने पेन ड्राइव्हवरच्या फाइली वाजवून बघितल्या. फलाट तीन. फलाट पाच. सगळ्या जुन्या, स्थानकावरच्या सरावाच्या. चाळीस वाक्यांतलं एकही त्यात नव्हतं. ते बोट खाली गेलं असतं तर? तिच्या तोंडचं पाणी पळालं.

मग तिने तारीख पाहिली. पडद्याच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात. दिवस बरोबर, महिना बरोबर. वर्ष अकराने पुढे. तिने ते मोठ्याने सांगितलं.

काका पाटी पुसून लिहीत होते. स्थानकावर सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे ठेवायची, म्हणजे कुणाची बस चुकत नाही. घरातली घड्याळंही ते तशीच ठेवायचे. दवाखान्यातून आल्या दिवशी कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर वेळेवर दिसलं, म्हणून हाताच्या सवयीने पुढे केलं. गुंगीची औषधं चालू होती. मिनिटांबरोबर वर्षही सरकलं असणार.

"अहो, तुम्ही म्हणजे ना," काकू म्हणाल्या, आणि त्यांना रडू फुटलं.

घड्याळ चुकलं की काही ॲप्सना आपलीच मुदत संपली असं वाटतं आणि ती उघडत नाहीत. हे सगळ्यात आधी बघायचं असतं. आपण नेमकं तेच बघितलं नाही, म्हणून दुरुस्तीवालीला स्वतःचीच चीड आली. तिने वर्ष मागे आणलं, क्लिक केलं. खिडकी उघडली आणि उघडीच राहिली.

एकाखाली एक चाळीस वाक्यं. साडेचारला तिने ती दवाखान्याला पाठवली, आणि दहा मिनिटांत उत्तर आलं. सगळी मिळाली, स्वच्छ आहेत, उद्यापासून काम सुरू. काकूंनी ते मोठ्याने दोनदा वाचलं. काकांनी पाटीवर 'भूक' असं लिहिलं. इतका सुंदर शब्द आपण कधी वाचला नाही, असं दुरुस्तीवालीला वाटलं.

काकू भात लावायला गेल्या. दुरुस्तीवाली पिशवी भरता भरता सहज यादीवरून नजर फिरवत होती, तर सगळ्यात वर आणखी एक होतं. एक्केचाळिसावं. त्याच्यावरची तारीख अकरा वर्षांहून पुढची. चुकलेल्या घड्याळाची अकरा वर्षं वजा केली तरी ती तारीख जुळेना, कारण तो दिवस यायला अजून दोन महिने होते.

तिने काकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. काकूही हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

रेकॉर्डिंगमध्ये आधी कुठल्यातरी खोलीतली शांतता होती. मग काकांचा आवाज, वाक्यावाक्याला किंचित यंत्रासारखा अडकणारा, पण त्यांचाच. "अगं, येतेस का? रेकॉर्डर लावलंय तिने." लांबून काकूंचं उत्तर आलं, "आले, आले." आवाज बराच थकलेला, तरी हसरा. दारातल्या काकूंनी तोंडावर हात ठेवला. काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचं त्यांना भानही नव्हतं.

नंतर तिसरा आवाज आला. दुरुस्तीवालीने तो ओळखला, कारण तो तिचाच होता.

"काका, तारखेचं सांगून झालं. आता हेही ठेवून देऊ ना त्यांच्यासाठी?"

"ठेव. ऐकून बरं वाटेल त्यांना."

"आणि... दुसरं ते? त्यांच्यापुढे जे येणार आहे ते सांगायचं?"

त्या खोलीत लांब कुठेतरी एक दार उघडल्याचं ऐकू आलं.

"नको," काकांचा आवाज म्हणाला. "ते तेवढं राहू दे."