मी आहे ना

ए, तो मोबाइल खाली ठेव आधी. ऐकायचं तर नीट ऐका, नाही तर सरळ झोपायला चला. आणि मधेच "काका, पण हे कसं शक्य आहे?" असं विचारायचं नाही. कसं शक्य आहे ते मलाही ठाऊक नाही. घडलं माझ्या शेजारणीच्या भाच्याच्या बाबतीत, आणि तो काही थापा मारणारा नव्हे.

दोघे सख्खे भाऊ. बंगल्यांतले पोहायचे तलाव साफ करायचे. धाकटा थोरल्याला दादा म्हणायचा, आपणही दादाच म्हणू. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, असं ह्याचं.

त्या मंगळवारी एका बंगल्याचा तलाव रिकामा करायचा होता, कारण सकाळी फरशी बसवणारा येणार होता. दिवसा एवढं पाणी सोडलं असतं तर ऐन वर्दळीत गल्लीचं तळं झालं असतं, म्हणून काम रात्रीचं. तसं काम सोपं. फिल्टरच्या डोक्यावर एक दांडा असतो. मोटर बंद ठेवून तो 'वेस्ट'वर फिरवायचा, मग मोटर चालू करायची. पाणी वाळूतून गाळून परत न येता थेट गटारात जातं. फक्त तळ उघडा पडायच्या आत मोटर थांबवावी लागते, नाही तर ती कोरडी फिरून जळते. म्हणून माणसं दोन. एक पंपघरात बटणापाशी, दुसरा तलावापाशी.

मोटरच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही. त्यावर त्यांनी ठोक्यांची युक्ती काढली होती. तळाच्या जाळीपासून पंपघरापर्यंत जुना लोखंडी पाइप होता. जाळीच्या कडेवर पान्याने दोन ठोके मारले, तर मोटर बंद कर. पंपघरातून तीन ठोके आले, तर मी, आहे, ना. काळजी नको.

युक्ती लंब्याची. लंब्या त्यांचा मावसभाऊ, माझ्या शेजारणीचा एकुलता एक. आधी तिघं मिळून काम करायचे. वर्षापूर्वी ह्याच तलावात, जाळीतला पाला काढायला लंब्या वाकला तो वर आलाच नाही. बटणापाशी दादा होता. धाकटा तेव्हा तापाने घरी पडलेला. मावशी रडत म्हणाली, "तू जागेवर नव्हतास. माझ्या पोराने ठोकलं असणार."

"मी इथेच होतो, मावशी. हललोसुद्धा नाही," दादा म्हणाला. "ठोके आलेच नाहीत."

धाकट्याने डोळे झाकून दादाची बाजू घेतली. मावशीला चारचौघांत नको नको ते बोलला. आई गेल्यावर ज्या बाईने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, तिला! तेव्हापासून तिच्या दारात पाऊल नाही टाकलं बेट्याने.

तर त्या रात्री पावणेबारा वाजले होते. पाणी कमरेपर्यंत उतरलं होतं. मोटर कण्हायला लागली, म्हणजे जाळीवर पाला बसला होता.

"दादा, जाळीशी उतरतोय रे!" धाकट्याने पंपघराच्या दारात जाऊन सांगितलं.

"बिनधास्त उतर. मी आहे ना," दादा म्हणाला, आणि शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून त्याने दार ओढून घेतलं.

खरं तर आधी दोन ठोके मारायचे, मोटर थांबवायची, मग हात घालायचा. पण ह्याला वाटलं, मूठभर पाला, त्याला काय लागतंय? दादा आहेच की तिकडे. पाना डाव्या हातात धरून तो वाकला. उजव्या हाताने पाला ओढला. पाल्याबरोबर जाळीच निघाली.

हात आत गेला. मोटरने तो ओढून धरला.

कमरेएवढं पाणी म्हणजे काय, असं वाटतं ना तुम्हाला? वाकलेल्या माणसाला ते डोक्यावरून जातं.

ठक ठक.

मोटर चालूच.

ठक ठक...

चालूच.

छाती फुटायला आली. दादा... अरे दादा...

ठक...

दुसरा ठोका मारवेना. पाना सुटला.

आणि मग... त्याच्या अडकलेल्या तळहाताखाली... पाइपच्या आतून...

ठक. ठक. ठक.

मोटर थांबली.

हात सुटला. तो वर आला, खोकला, कसाबसा काठावर चढला. जीव भांड्यात पडला त्याचा. दादाला मिठीच मारायची म्हणून धडपडत पंपघरापाशी गेला.

दाराला बाहेरून कुलूप.

फटीतून दिवा दिसत होता. आत चिडीचूप. तो तिथेच भिंतीला टेकून बसला. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. दादा आला. हातातल्या मोबाइलवर मॅचचा आवाज. त्याने किल्ली काढली, कुलपात घातली, आणि थबकला. मोटर ऐकू येत नव्हती ना!

"दादा... मोटर कोणी बंद केली?"

दादा केवढ्याने दचकला! पण जीभ लगेच सावरली त्याची. "मीच की. ठोके ऐकले तुझे. अरे, मी इथेच होतो. हललोसुद्धा नाही."

किल्ली अजून कुलपातच होती.

तेच शब्द, बाळांनो. मावशीला सांगितलेले, जसेच्या तसे. भूत परवडलं, पण सख्ख्या भावाने केसाने गळा कापावा? आणि ह्याने त्या भावापायी मावशीला तोडलं होतं. तो ढसाढसा रडला.

"लंब्याच्या वेळीही... असाच इथे होतास?"

दादाने किल्ली फिरवली. दार उघडलं. मोटरचं बटण बंद केलेलं होतं. आणि दादाची नजर पाइपवर गेली, तसा तो मागे मागे सरत फाटकाबाहेर गेला. पुन्हा त्या दोघांनी एकत्र काम केलं नाही.

पहाटे धाकटा मावशीच्या दारात उभा होता. काय बोलले ते मी नाही ऐकलं, दार लावून घेतलं होतं त्यांनी. पुढे बंगलेवाल्याने पाइप बदलला, तेव्हा जुना तुकडा मावशीने मागून घेतला. माझ्या घराशेजारीच आहे, तिच्या उंबऱ्याजवळ. उद्या उजाडलं की जाऊन बघा, हात लावून बघा.

जाड लोखंड आहे. त्याला ओळीने तीन टेंगळं आहेत.

तिन्ही बाहेरच्या बाजूला आलेली.