सैल पडलेला दोर

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यात पदरचा एक शब्द घातलेला नाही. मी स्वतः त्या होडीत होते.

गेल्या मे महिन्यातली शुक्रवारची संध्याकाळ. विस्कॉन्सिनच्या उत्तरेकडचं आमचं टॅमरॅक तळं. होडीत दोघंच. मी, आर्डिस, आणि माझा थोरला भाऊ डेलमार.

डेलमारची बायको लॉरेन त्याआधीच्या शरद ऋतूत याच तळ्यात बुडाली. होडी नांगरलेली सापडली. ती मात्र...

कधीच सापडली नाही.

तेव्हापासून माझा भाऊ अर्धा झाला होता. रोज एकटाच तळ्यावर जायचा. तो एक दिवस परत येणार नाही, अशी मला धास्ती होती. म्हणून त्या दिवशी मी बळंच होडीत चढले.

वारा नुसता पिसाळला होता.

"एवढ्या वाऱ्यात कोण मासे धरतं रे?"

"लॉरेन धरायची. तू बस गप. आणि तो गळ बदल आधी. देवमासा धरायला आलीयस काय?"

किती महिन्यांनी तो थट्टा करत होता! मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

क्रॅपी मासे धरायला आम्ही जिग लावतो. वाटाण्याहून लहान शिशाचा मणी, त्याला पिसांचा झुपका, आत गळ. क्रॅपी झटका देत नाही. खालून येतो, जिग तोंडात घेऊन अलगद वर उचलतो. ताणलेली दोरी सैल पडते, एवढंच. वाऱ्यात हाताला काही कळत नाही. नजर दोरीवर ठेवायची आणि सैल पडली की ओढायचं.

चार-पाच मासे मिळाले. मग सगळं थंड.

नांगराचा दोर होडीच्या पुढच्या टोकाला बांधला होता. वाऱ्यानं होडी मागे ओढली जात होती आणि दोर करकरत होता.

करकर... करकर...

आणि एकदम थांबली.

मी वर पाहिलं.

दोर... सैल पडला होता.

"डेल, नांगर सुटला बहुतेक!"

नांगर सुटला असता तर वाऱ्यानं आम्हाला मागे, काठाकडे ढकललं असतं. मी मागे वळून पाहिलं.

काठ... लांब जात होता.

मोटर बंद. वल्ही आत. आणि होडी वाऱ्याच्या उलट चालली होती!

दोर पुन्हा ताणला, पण आता तो खाली जात नव्हता. पाण्याच्या जरा खालून, सरळ पुढे गेला होता.

लाटा पुढून आत येऊ लागल्या. माझे पाय घोट्यापर्यंत बुडाले.

मग वाऱ्याचा आवाज गेला.

वारा होता हो! माझे केस उडत होते, लाटा फुटत होत्या. पण आवाज... कसलाच नाही.

डेलमार पुढे गुडघ्यांवर बसला होता. दोन्ही हातांत दोर. चेहऱ्यावर हसू.

"नांगर खालून कसा अलगद उचलला, बघितलंस? तिनंच उचलला गं."

मी मासे कापायची सुरी काढली.

"बाजूला हो, डेल."

"खबरदार दोराला हात लावशील तर!"

"अरे, बुडू आपण! तुला असं जाऊ देऊ मी?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. अगदी शांतपणे म्हणाला, "मग तू उतर ना इथं."

भर तळ्यात. माझा सख्खा भाऊ.

मी त्याला खांद्यानं ढकललं आणि दोर कापला.

कापलेलं टोक पाण्यात पडलं नाही. क्षणभर तसंच हवेत ताठ राहिलं...

मग हळूच आत गेलं.

वाऱ्याचा आवाज धाडकन परत आला. होडी गरकन फिरली. मोटर कशी चालू केली, काठ कसा गाठला, देव जाणे. डेलमारच्या तळहातांची सालटं निघाली होती.

या गोष्टीला एक वर्ष झालं. आता तो शुक्रवारी माझ्याकडे येतो, तळलेले मासे खातो, ब्रँडी पितो, हसतो. गाव म्हणतं, डेलमार सावरला. मीही तेच म्हणत होते.

परवा तो मला दुकानात दिसला. नवा दोर घेत होता. भेंडोळीच भेंडोळी.

"अरे, आपलं तळं कुठं एवढं खोल आहे?" मी विचारलं.

पैसे देता देता तो सहज म्हणाला, "लॉरेन म्हणते, आहे."

आज सकाळपासून वारा सुटलाय. त्याच्या दारात गाडी नाही. तळ्यावर जायला म्हणून मी कधीचे बूट घातलेत...

आणि अजून दारातच उभी आहे.