समक्ष पाहिले

त्या रविवारी सूरज पंखा दुरुस्त करायला गेला आणि विद्यार्थी होऊन परत आला.

इंदापुरात खताच्या दुकानावरच्या खोलीत महिपती सरांचा इंग्रजी बोलण्याचा क्लास भरायचा. सर तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी त्यांना बरं यायचं, पण मस्टर त्याहून बरं यायचं. सूरज स्टुलावरून उतरला, पंखा सरळ फिरतोय का ते बघायला रिकाम्या बाकावर टेकला, आणि सरांनी तेवढ्यात डोकी मोजून हजेरी लावून टाकली.

"सर, मी पंखेवाला. माझं नाव काढा की."

"शाईनं चढलंय. खाडाखोड चालत नाही."

"मग हो?"

"मग बसा. बारा नंबर."

शेजारची अकरा नंबर हसली. हसताना तिनं तोंडापुढं वही धरली, पण डोळे वहीच्या वरच राहिले. मनगटावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला – नर्स मुली घालतात तसं. सूरजनं ते डोळे पाहिले, वर फिरणारा पंखा पाहिला, आणि खाडाखोड ही खरोखरच वाईट गोष्ट आहे असं त्याचंही मत झालं.

तिचं नाव प्रतिक्षा. निरवांगीची. नर्सिंग बारामतीत केलेलं, नोकरी इंदापुरातल्या एका खासगी दवाखान्यात.

सरांची शिकवायची पद्धत त्यांची स्वतःची होती. महिन्याला एकच शब्द. त्यावर पाच वाक्यं, तीही स्वतःच्या आयुष्यातली आणि खरी. प्रत्येक वाक्य जोडीदारानं जागेवर जाऊन बघायचं आणि खाली सही ठोकायची – 'समक्ष पाहिले'. सरांनी हयातभर रहिवासाचे दाखले दिले होते. माणूस गावात राहतो का हे नुसत्या कागदावरून कळत नाही, तसंच इंग्रजीचं, असं ते म्हणत. अकराची जोडी बाराशी. ही सरकारी रचना होती, तिच्यात कुणाचा काही डाव नव्हता.

जानेवारीचा शब्द होता 'मेंड'.

"मोडलेलं नीट करणं, म्हणजे मेंड," सर म्हणाले. "चप्पल शिवली, मेंड. पंखा फिरला, मेंड. आणि हाड जुळतं, जखम भरते, माणूस बरा होत जातो – तेही मेंड. पहिल्याला हात लागतात, दुसऱ्याला दिवस."

"आन् सुनंचं तोंड बिघडलं तर?" पहिल्या बाकावरून ठमाबाईंनी विचारलं. साठी उलटलेल्या ठमाबाई क्लासला यायच्या, कारण नातू इंग्रजी शाळेत गेल्यापासून घरात त्यांना न कळणारं बोलायला लागला होता.

"त्याला इंग्रजीत शब्द नाही," सर म्हणाले आणि फळा पुसला.

सूरजनं पहिलं वाक्य लिहिलं – 'आय मेंड मोटर्स.' ते बघायला प्रतिक्षा बुधवारी ड्यूटी संपवून त्याच्या दुकानात आली. जुन्या रस्त्याला, स्टँडच्या अलीकडं, मोटार रिवायंडिंगचं दुकान. बाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, प्रत्येक ट्रॅक्टरवर वेगळं गाणं. आत सूरज जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार भरत बसलेला.

"किती वेळ लागंल?" तिनं विचारलं.

"मोटारीला का बघायला?"

"बघायला."

"ते तुमच्यावर हाय."

ती स्टुलावर बसली. तार बोटांतून सुळसुळत गुंडाळली जात होती. "एवढे फेरे मोजता कसे?"

"बोटं मोजत्यात. मी नुसता बसतो."

"आमचे डॉक्टर टाके घालताना असंच बोलतात. मग पेशंट घाबरतो." तिनं त्याचा हात अलगद पकडला. अंगठ्यावर चटका होता, दोन दिवसांचा, काळा पडलेला. तिनं पर्समधून मलम काढलं, पट्टी काढली… सूरज शेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचायला लागला. ते मागच्या वर्षाचं होतं.

"झालं. 'सूरज्स फिंगर इज मेंडिंग.' हे माझं पहिलं वाक्य. आठ दिवसांनी सही करा."

"माझ्याच बोटाला मीच साक्षीदार?"

"तुमच्याइतकं जवळून कोण बघणार?"

तो हसला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुमी कशापायी शिकता इंग्रजी?"

"एप्रिलमध्ये आयर्लंडला जायचंय. दवाखान्यात नोकरी मिळालीय. परीक्षा पास झाले, कागद यायचेत."

"किती दिवस?"

"करार दोन वर्षांचा."

बोटं मोजत होती ती थांबली. सूरजनं भरलेली तार सगळी उलगडली आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

प्रतिक्षाचं दुसरं वाक्य वडिलांवर होतं – 'माय फादर्स लेग इज मेंडिंग.' ते बघायला सूरज पुढच्या रविवारी क्लास सुटल्यावर निरवांगीला गेला. तात्याबा ओसरीवर बाजेवर पडलेले, पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. उसाच्या ट्रॉलीवरून घसरले होते.

"कोण म्हणायचं?"

"साक्षीदार," सूरज म्हणाला.

"आँ? माज्यावर केस झाली व्हय?"

"न्हाय तात्या. इंग्रजीसाठी. तुमचा पाय बघायचा हाय."

तात्याबांनी लेकीकडं पाहिलं. लेक दाराच्या कडीकडं बघत होती. "बघा मग," ते म्हणाले. "धा जण बघून गेलं. फुकाट हाय. करता काय तुमी?"

"मोटारी दुरुस्त करतो."

"आस्सं. मग पाय ऱ्हाऊ द्या, विहिरीवरची मोटार बघा. चार दिस झालं, बंद पडलीया. ऊस वाळाय लागलाय."

विहीर घरापासून दोन शेतं पलीकडं. सूरजनं स्टार्टर खोलला, जळालेली एक वायर बदलली, आणि दुपारी लाईट आली तसं बटण दाबलं. घुर्र… पाइपातून आधी हवा आली, मग धार. पाटातून पाणी धावत सुटलं. पाटात अनवाणी उभ्या प्रतिक्षाच्या पायांना ते आधी लागलं. तिनं सलवार चिमटीत धरून वर केली आणि लहान पोरीसारखी किंचाळली.

सूरज बघत राहिला. मोटार चालू झालेली बघून इतकं वाईट त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. काम संपलं. आता निरवांगीला यायचं काय कारण?

"आवाज… आवाज बराबर वाटत न्हाय," तो म्हणाला. "अजून झाली न्हाय दुरुस्त. म्होरल्या रविवारी यावं लागंल."

प्रतिक्षानं पायाभोवती फिरणाऱ्या पाण्याकडं पाहिलं. मग त्याच्याकडं.

"व्हय," ती म्हणाली. "मलाही वाटतंय तसंच."

सूरजनं तिथंच बांधावर बसून वहीत लिहिलं – 'द मोटर इज नॉट मेंडेड.' तिनं पेन घेतलं. क्षणभर थांबली… आणि सही केली. समक्ष पाहिले. वहीच्या कोपऱ्यावर ओल्या अंगठ्याचा ठसा उमटला.

फेब्रुवारीत वर्ग पुढच्या शब्दावर गेला, मार्चमध्ये त्याच्याही पुढच्या. अकरा आणि बारा नंबर 'मेंड'वरच अडकले होते. दर रविवारी सूरज निरवांगीला जायचा, न बिघडलेली मोटार खोलायचा, पुसायचा, पुन्हा बसवायचा. दोघं बांधावर बसायची. ती आयर्लंडमधल्या थंडीबद्दल बोलायची, तो ऐकायचा आणि ढेकळं फोडायचा. उसाची नवी पानं गुडघ्याला लागायला लागली, मग कमरेला. तात्याबांचं प्लास्टर निघालं. तिचे कागद आले. तारीख ठरली. ही एवढी एक गोष्ट सोडून दोघं सगळ्यावर बोलली.

पण महिपती सरांना एक जुनी सवय होती. नोंदवहीतली एखादी नोंद काढून ते अचानक स्थळपाहणीला जायचे. मार्चच्या शेवटच्या गुरुवारी त्यांनी बारा नंबरची नोंद काढली आणि एसटीनं निरवांगी गाठली.

रविवारी – तिचा तो शेवटचा रविवार – सरांनी हजेरी घेतली, चष्मा पुसला आणि वही उघडली.

"बारा नंबर. 'द मोटर इज नॉट मेंडेड.' मी विहिरीवर जाऊन आलो. ऊस हिरवागार, पाट वाहता. हे वाक्य खोटं आहे."

सूरज उभा राहिला. "व्हय सर."

"अकरा नंबर. तुमची सही आहे. समक्ष पाहिलंत?"

"पाहिलं सर."

"काय पाहिलं?"

"पाणी."

"मग खोटी साक्ष का दिली?"

प्रतिक्षानं वर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं. खाली दुकानात कुणीतरी युरियाचं पोतं आपटलं.

"मोटार झाली असं लिहिलं असतं तर…" प्रतिक्षा म्हणाली. "तर यांना परत यायला कारण उरलं नसतं, सर."

"सुटले बाई एकदाची!" ठमाबाई म्हणाल्या. "तीन म्हैनं ह्या दोघांच्या म्होरं बसतीया. पाठीला डोळं न्हाईत म्हून काय कळत न्हाय व्हय?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. कचेरीत ते अशा वेळी हसत नसत. "खोडायचं नाही," ते म्हणाले. "खाली खरं लिहा."

सूरजनं पेन घेतलं. तारेचे फेरे मोजावेत तसं एकेक अक्षर मोजून त्यानं लिहिलं – 'द मोटर वॉज मेंडेड द फर्स्ट डे. आय केम फॉर प्रतिक्षा.'

सरांनी वही तिच्यापुढं सरकवली. तिनं वाचलं. दोनदा वाचलं. मग त्याच्याकडं नीट, सगळ्यांदेखत, वहीची आड न धरता पाहिलं… आणि सही केली.

मंगळवारी बारामतीच्या स्टँडवरून तिची गाडी सुटली. खिडकीतून ती म्हणाली, "सूरज, मोटार बघत जा."

"बघतो."

"आणि जळकी बोटं घेऊन बसू नको. पट्टी लाव."

गाडी वळली. तिचा हात खिडकीबाहेर बराच वेळ दिसत राहिला, मग उसाच्या ट्रॉलीनं तोही झाकला. तात्याबा काठीवर रेलून उभे होते.

"मोटार पैल्याच दिशी घुरघुरली हुती," ते म्हणाले. "पाय मोडला हुता माजा, कान न्हाय."

सूरजनं मान खाली घातली.

"आमी मेंढरं घिऊन कोकणात जायचो. आठ-आठ म्हैनं. तिची आय हितं पाठीमागं. जाणारा येतुय परत. मागल्यानं पाणी चालू ठिवायचं. चला, च्या घिऊ."

तेव्हापासून सूरज दर रविवारी दुपारी निरवांगीला जातो. इथं दुपार, तिथं सकाळ. ती फोन लावते. सुरुवातीला दोघं पुष्कळ बोलायची. आता बऱ्याचदा ती एवढंच म्हणते, "घुर्र ऐकव." तो फोन मोटारीजवळ धरतो. पाणी पाटातून जातं, तिच्या उभं राहण्याच्या जागेवरून वळतं आणि उसात शिरतं. तिकडून काही आवाज येत नाही. पण फोनही कट होत नाही.

दिवाळीनंतर तिनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. तिचं पाचवं वाक्य राहिलं होतं. 'एव्हरीवन सेज आय विल मेंड. आय ऍम नॉट मेंडिंग.' सगळे म्हणतात मी सावरेन, मी काही सावरत नाही.

सूरज फोन घेऊन धावत क्लासवर गेला. सरांनी फोटो लांब धरून, जवळ धरून वाचला.

"साक्षीदार?"

"मी, सर."

"पाहिलंत?"

"दर रविवारी. व्हिडिओ कॉलवर."

"कॉलवर चालत नाही. जागेवर जावं लागेल." सरांनी टेबलाचा खण उघडला. आतून एक छापील फॉर्म काढला. कोरा, व्यवस्थित घडी घातलेला. बरेच दिवस तिथं ठेवलेला असावा. "पासपोर्टचा मी पाहतो. हा व्हिसाचा. काळ्या शाईनं भरा."

सूरजनं नाव लिहिलं, गाव लिहिलं. एका रकान्याशी थांबला. प्रवासाचं कारण.

"काय लिहू, सर?"

"खरं," सर म्हणाले.

त्यानं थोडा विचार केला आणि लिहिलं – 'समक्ष पाहणे'. मग फोटो काढून प्रतिक्षाला पाठवला. तिकडून बराच वेळ 'टायपिंग' दिसत राहिलं. थांबलं. पुन्हा दिसलं.

शेवटी एकच ओळ आली. "कधी?"

"कागद यायचेत," सूरजनं लिहिलं, आणि मोटार बघायला निरवांगीच्या वाटेला लागला.